आजी पडल्या कशामुळे? चार देश, सहा विद्याशाखा आणि एक केस

आधी केस सांगते, मग बाकीचं. ८१ वर्षांच्या आजी, एकट्या राहतात, दुमजली घर, झोपायची खोली वर आणि टॉयलेट खाली. रात्री तीनच्या सुमारास जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून पडल्या, मनगटाचं हाड मोडलं, हॉस्पिटलमधे ॲडमिट झाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या कागदावर "पेशंट गोंधळलेली" अशी नोंद आली. घरच्या गोळ्यांची यादी: ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन, पायाच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, पोट साफ व्हायला लॅक्टुलोज आणि एक झोपेची गोळी. मुलगी दुसऱ्या गावात, आठवड्यातून एकदा येते. वेगवेगळ्या देशांतल्या, आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांमधल्या विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन कोर्समधे ही केस दिली होती, आणि त्यांना प्रश्न एवढाच होता की आजींना घरी पाठवायचं का, आणि पाठवायचं तर काय काय करून.

ही केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, अशा आजी खऱ्या कुणी नाहीत, त्यांची भूमिका एक कसलेल्या अभिनेत्री करतात आणि विद्यार्थी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलतात. ज्या ग्रुपबद्दल लिहितेय त्यातल्या मुलांचे तपशील थोडे बदललेत. मी त्या ग्रुपची फॅसिलिटेटर, म्हणजे काम काय तर गप्प बसणं आणि कधीतरी एखादा प्रश्न विचारणं.

ग्रुपमधे सात जण: ब्रिटनमधून फार्मसी आणि ऑक्युपेशनल थेरपीची (म्हणजे पेशंटला घरातली रोजची कामं करता यावीत हे बघणारी शाखा), जपानमधून नर्सिंग आणि सोशल वर्कची, नेदरलँड्समधून फिजिओथेरपीचा एक, आणि चौथ्या देशातून मेडिकलचा एक आणि नर्सिंगची एक, जिथे घरी येऊन काळजी घेणारी सरकारी व्यवस्था जवळजवळ नाहीच. सगळे शेवटच्या दोन वर्षांतले, म्हणजे पेशंट पाहिलेले पण अजून स्वतःच्या सहीने काही न करणारे. हा काळ मला या कामासाठी सगळ्यात चांगला वाटतो, कारण पहिल्या वर्षातल्या मुलांना स्वतःच्याच विषयाचं काय सांगायचं ते माहीत नसतं आणि नोकरीला लागल्यावर तर कोण कुणाचं ऐकतं.

केसची युक्ती अशी की प्रत्येकाला फक्त स्वतःचं पान मिळतं. नर्सिंगकडे ब्लडप्रेशर: आडवं असताना १४२/७८, उभं राहून एका मिनिटाने ११६/७०, आणि रात्री चार वेळा लघवीला उठल्याचा चार्ट. फिजिओकडे टाइम्ड अप अँड गो टेस्ट, म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसणं, त्याला १९ सेकंद. फार्मसीकडे कुठली गोळी कधी सुरू झाली त्या तारखा. ऑक्युपेशनल थेरपीकडे घराचा नकाशा, जिन्याला एकाच बाजूला कठडा, दिव्याचं बटण खाली. मेडिकलकडे रक्त तपासण्या, ईसीजी, एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, हार्ट फेल्युअरची काही खूण नाही, आणि फोर एटी नावाच्या छोट्या चाचणीत ६ गुण, ज्यात ४ किंवा जास्त आले की डेलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक आलेल्या गोंधळाचा, संशय घ्यायचा. सोशल वर्ककडे मुलीचा निरोप, की आता आईला एकटीला ठेवायला मला भीती वाटते.

पहिली मीटिंग अगदी जशी होते तशी झाली. मेडिकलच्या मुलाने न सांगता अध्यक्षपद घेतलं आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनी ते न मागता दिलं, मग एकेकाने आपापलं पान वाचून दाखवलं, सगळे एकमेकांना थँक्यू म्हणाले आणि शेवटी प्लॅन तयार. पडल्या म्हणून व्यायाम, लघवीची तक्रार म्हणून ऑक्सिब्युटिनिनचा डोस वाढवायचा का ते बघा, गोंधळ आहे म्हणून डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टेस्ट आणि बहुतेक त्यावरची डोनेपेझिल ही गोळी सुरू, जिना धोक्याचा म्हणून पलंग खाली आणा, आणि मुलीला भीती वाटते म्हणून वृद्धाश्रमाची चौकशी. प्रत्येक ओळ एकटी वाचली तर चूक वाटणार नाही. एकत्र वाचली तर आजींचं नुकसान होईल असा प्लॅन.

याला सात जणांचं काम म्हणता येतं पण टीमचं काम म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर जो आराखडा काढला त्यातली व्याख्या साधी आहे: दोन किंवा जास्त पेशांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात तेव्हा ते इंटरप्रोफेशनल शिक्षण. पहिल्या मीटिंगमधे "बरोबर" होतं कारण सगळे एकाच स्क्रीनवर होते, बाकी दोन्ही नव्हते.

दुसऱ्या मीटिंगमधे गाडी वळली ती एका अगदी व्यावहारिक प्रश्नावर. डच फिजिओने विचारलं, घरी गेल्यावर या बाईंच्या गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार? मेडिकलचा मुलगा म्हणाला डॉक्टर, अर्थातच. ब्रिटनची फार्मसीवाली म्हणाली आमच्याकडे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फार्मासिस्ट बसतो, गोळ्यांचा आढावा तो घेतो आणि वेगळं ट्रेनिंग घेतलेलं असेल तर तो स्वतः प्रिस्क्रिप्शनही लिहितो, नर्स पण लिहू शकते, २०१३ पासून फिजिओलाही ती वाट खुली आहे. यावर फिजिओ हसला, म्हणाला मला तर कुणी विचारणारही नाही, आमच्याकडे घरी जाणारी डिस्ट्रिक्ट नर्स बऱ्याच गोष्टी बघते. जपानच्या मुलींनी केअर मॅनेजरबद्दल सांगितलं, २००० साली तिथे दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू झाला त्याबरोबर हे पद आलं, म्हातारं माणूस, घरचे आणि सेवा देणारे यांच्या मधे बसून केअर प्लॅन करणारी व्यक्ती, पण गोळ्या बदलणं तिच्या हातात नाही. आणि चौथ्या देशातली नर्सिंगची मुलगी, जी तोपर्यंत एक वाक्य बोलली होती, ती म्हणाली आमच्याकडे मुलगी. मुलगी दुकानातून जुन्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या परत आणते.

माझ्या मते आंतरराष्ट्रीय असण्याचा खरा उपयोग इथे आहे, आणि तो बहुतेक कोर्सच्या माहितीपत्रकात सापडत नाही. एकाच देशातले विद्यार्थी असले की "हे फिजिओचं काम", "हे डॉक्टरचं काम" ही वाक्यं निसर्गनियमासारखी येतात, कुणी त्यावर बोलतच नाही कारण सगळ्यांनी तेच पाहिलेलं असतं. इथे ती वाक्यं टिकेनात. जे काम एका देशात फार्मासिस्टचं ते दुसरीकडे नर्सचं, तिसरीकडे कुणाचंच नाही, मग नाइलाजाने बोलणं पदांवरून कामावर आलं: काम नेमकं काय आहे, ते करायला काय माहिती लागते, आणि ती माहिती आत्ता कुणाच्या पानावर आहे.

मग फार्मसीवालीने तारखा परत वाचल्या, या वेळी बाकीचे खरंच ऐकत होते. ॲम्लोडिपिन चौदा महिन्यांपूर्वी. तीन महिन्यांनी फ्युरोसेमाइड. त्यानंतर काही महिन्यांत ऑक्सिब्युटिनिन, मग लॅक्टुलोज, मग झोपेची गोळी. नर्सिंगची म्हणाली, सूज कधी आली? मेडिकलचा म्हणाला, एको नॉर्मल आहे, हार्ट फेल्युअर नाहीये, मग फ्युरोसेमाइड कशासाठी चालू आहे? आणि हे विचारताना त्याचं त्यालाच कळलं.

ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते हे नेहमीचं आहे, बारीक धमन्या सैल होतात आणि पाणी केशवाहिन्यांमधून बाहेर झिरपतं, शरीरात पाणी जास्त साठलंय म्हणून ती सूज नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा तिथे फारसा उपयोग होत नाही. पण ती दिली गेली. त्याने लघवीची घाई वाढली, ती म्हातारपणाची तक्रार समजून ऑक्सिब्युटिनिन आलं. हे अँटिकोलिनर्जिक औषध, म्हणजे ॲसिटिलकोलीन या शरीरातल्या निरोप्या रसायनाला अडवणारं, त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कर माणसाचा मेंदू गोंधळतो. पोटासाठी लॅक्टुलोज. रात्री सारखं उठून झोप जाते म्हणून झोपेची गोळी. आता झोपेच्या गोळीच्या अंमलाखाली, ब्लडप्रेशर उभं राहताच २६ ने खाली येत असताना, अंधारात जिना उतरून टॉयलेटला. आजी पडल्या नसत्या तरच नवल.

याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, एका औषधाचा साइड इफेक्ट नवीन आजार समजून त्यावर पुढचं औषध, पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टर संशोधकांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना नीट मांडली. आयर्लंडमधून २००८ साली आलेल्या स्टॉप निकषांच्या यादीतही, म्हणजे वयस्करांना कुठली औषधं टाळावीत त्या यादीत, हे अगदी याच शब्दांच्या जवळ आहे की हार्ट फेल्युअरची खूण नसताना नुसत्या घोट्याच्या सुजेसाठी लूप डाययुरेटिक (फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध) देऊ नये. म्हणजे ज्ञान नवीन नव्हतं, फार्मसीच्या मुलीला हे परीक्षेपुरतं पाठही होतं. पण तिच्याकडे तारखा होत्या आणि एको नव्हता, मेडिकलच्या मुलाकडे एको होता आणि तारखा नव्हत्या, उभं राहिल्यावरचं प्रेशर तिसऱ्याकडे, जिना चौथ्याकडे. साखळीची एकेक कडी वेगवेगळ्या खिशात.

आणि डोनेपेझिल? पहिल्या प्लॅनमधे ते होतं हे लक्षात ठेवा. त्याच्या साइड इफेक्टमधे लघवीची घाई येते, म्हणजे ते सुरू झालं असतं तर ऑक्सिब्युटिनिनचा डोस अजून वाढला असता आणि दोन्ही औषधं एकमेकांविरुद्ध ओढत बसली असती, एक ॲसिटिलकोलीन वाढवणारं, दुसरं ते अडवणारं. हॉस्पिटलमधे दुसऱ्याच दिवशी, हाड मोडलेलं, रात्रभर जागरण, फोर एटी ६, अशा अवस्थेत डिमेन्शियाचा शिक्का मारूच नये. हे ग्रुपमधे सांगितलं कुणी तर जपानच्या नर्सिंगच्या मुलीने, चॅटमधे, दोन ओळीत. चॅटमधे का, तर बोलायला इंग्रजी सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

भाषेबद्दल जरा थांबून. या ग्रुपमधे इंग्रजी मातृभाषा असलेल्या दोघी होत्या आणि पहिल्या मीटिंगमधे अर्ध्याहून जास्त वेळ त्या दोघी आणि मेडिकलचा मुलगा एवढेच बोलले. ओळखीसाठी आपापल्या देशाच्या गमती सांगा वगैरे खेळ मी घेत नाही, त्याने वेळ जातो आणि प्रत्येकजण आपल्या देशाचा राजदूत होऊन बसतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली लिहिलं होतं की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत, बरोबरीचा दर्जा हवा, ध्येय एक हवं, मिळून करायचं काम हवं आणि वरून पाठिंबा हवा. बरोबरीचा दर्जा झूमवर आपोआप येत नाही. म्हणून दुसऱ्या मीटिंगपासून पहिली पाच मिनिटं सगळे गप्प बसून एका सामाईक कागदावर लिहितात, मग बोलणं सुरू, आणि मीटिंग चालवायचं काम दर वेळी वेगळ्याकडे. एवढं केल्यावर सगळ्यात कामाची वाक्यं कागदावर कुणाची होती हे बघून मेडिकलचा मुलगा थोडा वरमला, पण राग नाही धरला, उलट नंतर तोच सगळ्यात जास्त प्रश्न विचारायला लागला.

आजींशी बोलण्याची वेळ आली तेव्हा वाद झाला, आणि चांगला वाद झाला. आधी मुलीशी बोलायचं की आजींशी? दोन्ही नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मुलीशी आधी बोलणं स्वाभाविक वाटत होतं, घरचे लोक काळजी घेणार तर त्यांना बाजूला ठेवून कसं चालेल. ब्रिटनच्या दोघींना हे धक्कादायक वाटलं, पेशंट बोलू शकतेय, तिच्या परवानगीशिवाय मुलीला काही सांगायचंच नाही. इथे कोण पुढारलेलं कोण मागासलेलं असा सूर लागायला वेळ लागत नाही, म्हणून मी एवढंच विचारलं की आजींना काय हवंय हे आपल्याला कुणाच्या पानावर सापडलं? कुणाच्याच नाही. तेव्हा ठरलं की आधी आजी, आणि त्यांना विचारायचं की मुलीला बोलवू का.

आजी बोलल्या ते कुठल्याही पानावर नव्हतं. फ्युरोसेमाइड त्या संध्याकाळी घेतात, कारण सकाळी घेतली तर बाहेर गेल्यावर टॉयलेट शोधत फिरावं लागतं. दुपारी चारनंतर पाणी पीत नाहीत, रात्री उठायला नको म्हणून. पलंग खाली आणायच्या गोष्टीवर मात्र त्या चिडल्या, म्हणाल्या चाळीस वर्षं मी त्या खोलीत झोपतेय, मला तिथेच झोपायचंय, पडायचं तर तिथे पडेन. आणि मुलीला बोलवा की, मी काय लपवतेय, पण मी समोर असताना बोला. सोशल वर्कची मुलगी नंतर म्हणाली की तिने आश्रमाच्या चौकशीचा फॉर्म अर्धा भरून ठेवला होता.

दुसरा प्लॅन वेगळाच निघाला. ॲम्लोडिपिनच्या जागी वेगळ्या जातीचं औषध, मग फ्युरोसेमाइड बंद, ऑक्सिब्युटिनिन बंद, झोपेची गोळी हळूहळू उतरवायची कारण एकदम तोडली तर झोप आणखी बिघडते. सगळं एका दिवशी नाही, एकेक करून, आणि मधे प्रेशर, वजन, सूज बघत. यावर फार्मसी आणि मेडिकलचं क्रमावरून जुंपलं आणि ते तसंच राहिलं, दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं. रात्रीपुरती पलंगाशेजारी कमोड खुर्ची, जिन्याला दुसरा कठडा, हालचालीवर लागणारा दिवा. ताकद आणि तोल सुधारण्याचा व्यायाम, न्यूझीलंडमधे तयार झालेल्या ओटॅगो कार्यक्रमाच्या धर्तीवर, मनगट जुळेपर्यंत हातावर भार न देता. डिमेन्शियाची टेस्ट आत्ता नाही, डेलिरियम उतरून काही आठवडे गेल्यावर. आजी वरच झोपणार.

पण चौथ्या देशातल्या दोघांनी हात वर केला, की हे सगळं छान आहे आणि आमच्याकडे यातलं निम्मं होणारच नाही, कमोड आणून कोण देणार, प्रेशर मोजायला कोण येणार. तेव्हा ऑक्युपेशनल थेरपीवालीने सुचवलं की पदांची नावं काढून टाकू. डाव्या बाजूला फक्त कामं लिहू: उभं राहिल्यावरचं प्रेशर मोजणं, जुन्या गोळ्या घरातून बाहेर काढणं, जिन्यावर एकदा बरोबर चढून उतरून बघणं, मुलीला साखळी समजावून सांगणं. उजवीकडे चार देशांचे चार रकाने. हा तक्ता म्हणजे त्या ग्रुपने केलेली सगळ्यात मोलाची गोष्ट. एकाच कामापुढे चार वेगळी उत्तरं, कुठे "शेजारी", कुठे "केअर मॅनेजर निरोप देईल", आणि काही ठिकाणी कोरं. गंमत म्हणजे एक ओळ अशी निघाली जिथे चारही रकान्यांत कुणालाच खात्रीने नाव लिहिता येईना: गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांनी आजींना फोन करून कसं वाटतंय विचारणं. श्रीमंत व्यवस्था असलेल्यांच्या चेहऱ्यावर ते बघताना जरा चुळबुळ होती. मेडिकलचा मुलगा म्हणाला मीच करेन फोन, आणि मग स्वतःच म्हणाला की हे उत्तर नाही, मी सुट्टीवर गेलो तर?

मूल्यमापनाबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. अशा कोर्सनंतर वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावल्या भरून घेतात, १९९९ साली आलेली रिपल्स ही त्यातली जुनी आणि खूप वापरलेली. पण जी मुलं स्वतःहून असा कोर्स घेतात ती आधीच "टीमवर्क महत्त्वाचं आहे" याला पूर्ण मार्क देऊन आलेली असतात, त्यावर आणखी किती चढणार. म्हणून आम्ही पहिला आणि दुसरा प्लॅन शेजारी ठेवून बघतो: किती ओळींत दोन पेशांची माहिती जोडली गेलीय, आणि आजींचं स्वतःचं वाक्य प्लॅनमधे कुठे दिसतं का. पहिल्या प्लॅनमधे दोन्ही शून्य होतं. याचा अर्थ ही मुलं पुढे वॉर्डात जाऊन पेशंट पडायचे थांबवतील असा अजिबात नाही, ते एवढ्याने कळत नाही आणि कुणी तसं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या बॅचसाठी तीन बदल केलेत. तो कामांचा तक्ता आता सुरुवातीलाच देतो, कोरा. आजींशी बोलणं पहिल्या प्लॅनच्या आधी ठेवलंय, यावर माझ्या सहकाऱ्याचा आक्षेप आहे की मग मुलांना स्वतःचं चुकलेलं दिसणार नाही, बघू. आणि वेळ: जपान आणि ब्रिटनमधे हिवाळ्यात नऊ तासांचा फरक, त्यामुळे पहाटे किंवा रात्री उशिरा कुणीतरी बसतंच, आणि या ग्रुपमधे प्रत्येक वेळी त्या जपानच्याच दोघी रात्री बसल्या होत्या. आता ते आलटून पालटून, दोन्ही बाजूंच्या शिक्षकांना आवडलेलं नाही तरी.